तोंड मिटून, समोर बघून

झुलेखाखालांच्या नातवाच्या गालावरचा तीळ मी पुसला, ही बातमी पनवेलच्या बाजारपेठेत इतकी फिरली की अजूनही कुणी ओळखीचं भेटलं की आधी स्वतःचा गाल झाकतं आणि मग "कसं काय?" विचारतं. गावाचं शहर झालं, दारात विमानतळ आला, पण थट्टा अजून गावाच्याच वेगानं फिरते.

झालं ते असं. माझा फोटो स्टुडिओ आहे. पूर्वी लग्नं, बारशी, मुंजी, सगळं करायचो. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आल्यामुळे माझ्याकडे उरली ती पासपोर्ट आणि व्हिसाच्या फोटोंची गिऱ्हाइकं, त्यातही जास्त करून लहान मुलं. कारण मोठ्या माणसांचा पासपोर्टचा फोटो कार्यालयातच तिथल्या तिथे काढतात. अगदी लहान मुलांचा मात्र घरून न्यावा लागतो. म्हणजे सांगितल्यावर जी माणसं खुर्चीत बसतात ती सरकारनं स्वतःकडे ठेवली आणि बसत नाहीत ती आमच्याकडे पाठवली.

आता हे प्रत्येक पोर गालाला नाहीतर कपाळाला काजळाची तीट लावून येतं. मोहल्ल्यातलं असो, ब्राह्मण आळीतलं असो, खारघरच्या विसाव्या मजल्यावरचं असो. परदेशी जायचं म्हणजे दृष्टही परदेशी लागणार, म्हणून तीट नेहमीपेक्षा मोठी. फोटोत ती चालत नाही. ओल्या कापसानं पुसायला गेलो की आजी माझं मनगट धरते. म्हणून मी एक तोडगा काढला होता. तीट गालावर राहू द्यायची आणि कॉम्प्युटरवर पुसायची. आजी खूश, सरकार खूश. इतकी वर्षं हे केल्यावर काळा ठिपका दिसला की हात डोक्याला विचारायला थांबत नाही.

तर झुलेखाखालांचा नातू अयान, वय वर्षं दीड, त्याच्या गालावर मसुराएवढा ठिपका दिसला आणि मी तो पुसला. तो बदल त्याच फाइलवर सेव्ह केला. संध्याकाळी एका साखरपुड्याला कॅमेरा द्यायचा होता म्हणून कार्डही रिकामं केलं. चूक करायची तर नीट, मागे काही शिल्लक न ठेवता करायची, ही माझी पद्धत.

पुढच्या आठवड्यात खाला दुकानात आल्या. मागे सून सलमा, तिच्या कडेवर अयान.

"फोटोवाले भाऊ, आमच्या पोराचा तीळ कुठं ठेवलात?"

"कसला तीळ, खाला?"

"गालावरचा."

"ती काजळाची तीट होती ना?"

"काजळाची आम्ही कानामागं लावतो," खाला म्हणाल्या. "गालावरची अल्लानं लावून पाठवलीये."

मी अयानकडे पाहिलं. अंगठा ओला करून त्याचा गाल चोळून पाहायची इच्छा मी मोठ्या कष्टानं आवरली. तीळ होता. पासपोर्टवरच्या फोटोतही होता, तो दुसऱ्या कुणी काढला होता. आणि व्हिसाचं काम बघणाऱ्या एजंटानं दोन्ही फोटो शेजारी ठेवून सांगितलं होतं, की ही दोन वेगवेगळी पोरं आहेत, यातलं कुठलं पाठवायचंय ते आधी ठरवा.

"दोन मिनिटं बसा, मी तीळ परत काढून देतो," मी म्हणालो. "जसाच्या तसा."

आमची सौ. दुकानात माझ्याबरोबरच असते. ती आतून म्हणाली, "कुठल्या गालावर काढणार?"

"उजव्या," मी ठामपणे म्हणालो.

तीळ डाव्या गालावर होता.

हसून झाल्यावर सलमा बाकावर बसली आणि जे आहे ते तिनं सांगितलं. तिचा नवरा इम्रान मस्कतला असतो, एसी दुरुस्तीच्या कंपनीत. तो गेला तेव्हा हिला सातवा महिना होता. मधे त्याची एक कंपनी बुडाली, दुसरी लागली, नव्या नोकरीत रजा नाही. पोर जन्मल्यापासून बापानं त्याला हातात घेतलेलं नाही. आता कुठं कंपनीनं बायकापोरांसाठी खोली दिली होती. फाइल एकदा परत आली होती, माझ्या कृपेनं. या आठवड्यात बरोबर फोटो गेला नाही तर खोली रांगेतल्या दुसऱ्या माणसाला मिळणार, आणि मग पुन्हा कधी, ते कंपनी सांगेल तेव्हा.

"फोटोच काढायचाय ना," मी म्हणालो. "आत्ता काढू."

माझ्या धंद्याबद्दल बाहेरच्या माणसाला काय वाटतं ते मला माहीत आहे. पोर बसवा, बटण दाबा. म्हणून नियम सांगतो. पाठीमागे पांढरं. कुणाला निळं लागतं. चेहरा सरळ, दोन्ही डोळे उघडे, तोंड मिटलेलं. शेजारी कुणी दिसायचं नाही, धरणारा हातसुद्धा नाही, खेळणं नाही, बाटली नाही. आणि चेहऱ्यावर कुठलाही भाव नको. दीड वर्षाच्या पोराच्या! हे नियम करणाऱ्याच्या घरात पोर नसावं, किंवा असेल तर ते बायको सांभाळत असावी.

आमची युक्ती सोपी आहे. आईला खुर्चीवर बसवायचं, तिच्यावर डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर टाकायची आणि पोर तिच्या मांडीवर ठेवायचं. फोटोत फक्त पोर आणि पांढरी भिंत. एकदा असंच चालू असताना पोराचे आजोबा चहा पिऊन आत आले आणि विचारू लागले, "सूनबाई कुठं गेली?" खुर्ची म्हणाली, "इथंच आहे, बाबा." आजोबांना पाणी द्यावं लागलं.

सौ.चं काम पोराला कॅमेऱ्याकडे बघायला लावायचं. ती माझ्या खांद्यामागून जिभेनं टॉक करते, किल्ल्या वाजवते, कावळा होते. मी बटण दाबतो. श्रेय कुणाला जातं ते पाटीवर लिहिलेलं आहे. पाटीवर माझं नाव आहे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. उलव्याचे एक काका सगळं घरदार घेऊन दुबईला निघाले होते. नातवाला घेऊन आले आणि म्हणाले, "पोराच्या गल्यान साखली हाय, ती दिसली पायजे."

"काका, यात फक्त चेहरा येतो."

"मंग खालून मोटा काड ना फोटो. तुला कोन नाय बोलतंय?"

शेवटी दोन काढले, एक सरकारला आणि एक घराला, साखळीसकट. परत आल्यावर भेटले तेव्हा मी विचारलं, पोराला दुबईत काय आवडलं? "हाटेलातला सरकता जिना," काका म्हणाले. "आमी बाकी कायच बगितला नाय. सगली दिस जिन्यावंच. वर जा, खाली ये."

खारघरचा एक तरुण बाप तर फूटपट्टी घेऊन आला होता. मुलीला हॉलंडला न्यायची होती. चेहरा किती टक्के, वर जागा किती, सगळं मोबाइलमधून मला वाचून दाखवत होता आणि मग मुलीसमोर उकिडवा बसून तिला म्हणाला, "बेटा, न्यूट्रल एक्स्प्रेशन, ओके?" बेटानं फूटपट्टीचा कोपरा चावला. त्यांच्याकडे दोन्हीकडचे आजी-आजोबा पाळीपाळीनं पोर सांभाळायला जातात. हे आले की ते जातात. त्या पोरीची अशी समजूत असणार की माणसं ऋतूसारखी बदलतात.

अशी सगळी पोरं आम्ही बसवलेली. त्यामुळे अयानचं काही अवघड वाटलं नाही. पहिल्या वेळी तर तो गपगुमान बसला होता. पण त्या दिवशी त्याला लस टोचून आणलं होतं आणि तो सुस्त होता, हे मला आठवायला हवं होतं.

सलमा चादरीखाली गेली. अयान मांडीवर. मी कॅमेरा उचलला. अयाननं भिंगात पाहिलं, दोन्ही हात पुढे केले आणि सगळे दात दाखवून ओरडला, "अब्बा!"

दिसायला फोटो गोड होता. सरकारदरबारी निकामी.

पुन्हा उचलला, पुन्हा "अब्बा!" सौ.नं किल्ल्या वाजवल्या, ढुंकून पाहिलं नाही. भिंगापुढे रुमाल धरला, तर रुमालामागे कोण आहे ते बघायला वाकडा झाला. मी डोळे वटारले. तो खदखदून हसला. बिस्कीट दिलं, तर अर्धं बिस्कीट तोंडात ठेवून "अब्बा" म्हणाला.

"मला अब्बा का म्हणतोय हा?" मी विचारलं.

"तुम्हाला नाही, अहो," सौ. म्हणाली. "कॅमेऱ्याला म्हणतोय."

चादरीतून सलमाचा आवाज आला. "काच दिसली की म्हणतो, काकी. फोन, टॅब. परवा एटीएमला म्हणाला."

"मेडिकलच्या सीसीटीव्हीला रोज सलाम करतो," खाला म्हणाल्या. "दुकानदार म्हणतो, लई तमीजदार पोर हाय."

पोराच्या हिशेबानं बाप म्हणजे काचेतून बोलणारा माणूस. तो रोज येतो, हसतो, हातातला घास दाखवतो आणि काचेतच राहतो. मग समोर एवढी मोठी गोल काच आल्यावर पोरानं दुसरं काय करायचं?

त्या दिवशी जमलं नाही. दुसऱ्या दिवशी झोपेतून उठवून आणला, तरी नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, कॉम्प्युटरवर तोंड मिटवून देतो. माझ्याकडे तिन्ही बायकांनी अशा नजरेनं पाहिलं की मी माउसवरचा हात काढून घेतला.

खालांची तयारी मात्र जोरात चालली होती. सुक्या कोळंबीचे सोडे तीन पिशव्यांत गुंडाळून झाले होते, कारण विमानात वास आला तर उतरवतील अशी त्यांना धास्ती. मसाला दळून झाला होता. विमानात पोर रडलं तर काय द्यायचं, कान दुखले तर काय, याबद्दल मोहल्ल्यातल्या प्रत्येक बाईनं सलमाला वेगळा सल्ला दिला होता, आणि त्यातल्या बहुतेकींनी विमान उडताना फक्त खालून पाहिलं होतं. सलमा काही बोलायची नाही. रोज दुकानात येताना पोराला इस्त्रीचा शर्ट घालून आणायची, एवढंच. चौथ्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या म्हणाली, "उद्या एजंट फाइल परत करेल." आवाज नेहमीचाच होता. हातातला पोराचा रुमाल मात्र तिनं इतका पिळला होता की त्याची दोरी झाली होती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. इम्रान. जेवणाच्या सुट्टीत रोज लावतो. अयान फोनवर झडपच घालायला गेला.

"अयानमियां! काय खाल्लं आज?"

अयान हसला, ओरडला, काचेचा मुका घेतला. मागे कुणीतरी इम्रानला हाक मारली आणि तेवढ्यात रेंज गेली. पडदा काळा झाला.

"अहो," सौ. म्हणाली. "त्याचं तोंड बघा."

मी पाहिलं. तोंड मिटलेलं, डोळे उघडे, नजर सरळ फोनवर. पोर रडत नव्हतं. हलतही नव्हतं. मी कॅमेरा उचलेपर्यंत ते संपलं. मला पाहून पुन्हा "अब्बा!"

सौ.नं मला बाजूला सारलं. तिनं सलमाचा फोन मागून घेतला आणि माझ्या कॅमेऱ्याच्या अगदी वर, भिंगाला चिकटून, रबरबँडनं बांधला. मग सलमानं इम्रानला पुन्हा फोन लावला आणि पोराला घेऊन ती चादरीखाली बसली. तो लागल्यावर सौ. त्याच्याशी बोलली. काय करायचं ते सांगितलं. थोडं बोलायचं, पोराचं लक्ष नीट लागलं की आपण होऊन फोन कट करायचा.

इम्रानच्या मागे कसलं तरी यंत्र घरघरत होतं.

"काकी, मी कधी पहिला कट करत नाही," तो म्हणाला. "रेंज जाते ते वेगळं. सुपरवायझर ओरडला तरी फोन खिशात तसाच चालू ठेवतो. तोच कंटाळून जातो खेळायला, मग मी ठेवतो."

"आज करा."

"त्याच्या तोंडावर?"

मग चादरीखालून सलमा म्हणाली, "करा हो. आम्ही तिकडं यायला पाहिजे असलो तर करा."

मी कॅमेऱ्याला डोळा लावला. वर इम्रान बोलत होता. विमान कसं उडतं ते हातानं दाखवत होता, तोंडानं आवाज काढत होता. अयान हसत होता, चादरीवर टाचा आपटत होता. मग इम्रान म्हणाला, "अयान, अब्बा आत्ता येतो हां." आणि पडदा विझला.

अयानचं हसू गेलं. तोंड मिटलं. तो बघत राहिला, सरळ, दोन्ही डोळ्यांनी, मान न हलवता. येतो म्हणालाय म्हणजे येईल, असा. डाव्या गालावर तीळ. मी बटण दाबलं. एकच.

मग सलमानं चादर फेकून दिली आणि पोराला पोटाशी धरलं, आणि तेव्हा कुठं त्यानं भोकाड पसरलं.

मी कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला. खरं सांगतो, इतक्या वर्षांत असा फोटो माझ्या हातून निघाला नव्हता. नियमांचं पुस्तक शेजारी ठेवावं आणि एकेक ओळ तपासावी, असा. मी काही पुसलं नाही, काही उजळलं नाही. मला तो काचेच्या कपाटात नमुना म्हणून लावायचा होता.

"काय फोटो निघालाय!" मी म्हणालो.

"नियमात बसतो," सौ. म्हणाली आणि चादरीची घडी घालायला गेली. मी तो कपाटात लावला नाही.

व्हिसा आला. खालांनी मिठाई आणली, सोड्यांचा एक वानवळा आमच्याकडेही आला. सलमा आणि अयान गेले.

त्यानंतर खाला बऱ्याच दिवसांनी दुकानात टेकल्या आणि त्यांनी तिथली हकिगत सांगितली. विमानात पोर झोपलं. उतरल्यावर बाहेर इम्रान हातात फुगा घेऊन उभा. धावत आला, हात पुढे केले. अयान किंचाळून आईच्या मानेत घुसला. एवढा मोठा अब्बा, पायांसकट, त्यानं कधी पाहिला नव्हता. इम्रान "मी अब्बा, मी अब्बा" म्हणतोय आणि पोर लाथा मारतंय. लोक बघायला लागले. एक पोलीसही वळून बघायला लागला.

"मग हो?" मी विचारलं.

"मग माझा पोरगा चार पावलं मागं गेला, सामानाच्या ढकलगाडीआड बसला आणि तिथून सलमाला व्हिडिओ लावला. या पठ्ठ्यानं फोन घेतला. अब्बा! हसतोय, मुका घेतोय. तो बोलत बोलत गाडीआडून पुढं आला. पोर एकदा काचेत बघतंय, एकदा वर बघतंय. काचेत, वर. मग बोटानं त्याचं नाक दाबून बघितलं. मऊ लागलं."

"आला मग त्याच्याकडे?"

"आला? आता बाप मोरीत गेला तरी दाराशी बसून रडतो. सलमा म्हणते, कामावर जायला हा माणूस खिडकीतून पळतो." खाला हसल्या, खूप हसल्या. मग हातातला फोन पिशवीत टाकून त्यांनी ओढणीनं डोळे टिपले. "रोज लावतात मला. दादी म्हणून हात हलवतो, बिस्कीट दाखवतो. दीड वर्षं माझ्या कुशीत झोपला, भाऊ. आता मी गेले काचेत."

मी कॅमेऱ्याची काच पुसू लागलो, जी स्वच्छ होती.

सौ. गल्ल्यामागून उठली आणि खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "मक्केला उमऱ्याला गेलात तेव्हा पासपोर्ट काढलात ना, खाला? मग बसा इथं, मस्कतच्या व्हिसाचा फोटो काढून ठेवू. आधी रडायचं तेवढं रडून घ्या. फोटोत चालत नाही."